दचकण्याचा ऋतू

मका वाळला की त्याचा आवाज बदलतो. उन्हाळाभर नुसती सळसळणारी पानं ऑक्टोबरात खडखडायला लागतात, आणि कापणीचं मशीन शेतात शिरलं की पिवळसर धुरळा रस्त्यावर येऊन गाडीच्या काचेवर बसतो. आमचं लंडन संपलं की दहा मिनिटांत ही शेतं सुरू होतात. लंडन म्हणजे ऑन्टारिओतलं बरं का. नागपूरचे नातेवाईक अजून मला राणीच्या राजवाड्याबद्दल विचारतात. मी म्हणते, इथे टेम्स नदीसुद्धा आहे, पण राजवाड्याच्या जागी मका आहे.

परवा विंटर टायर्स लावून घ्यायला त्याच रस्त्याने गेले. काच खाली केली नाही. तरी तो वास आलाच, वाळलेल्या कडब्याचा आणि ओल्या मातीचा. त्याच्यामागून दुसरा, जो तिथे नव्हताच, बंदुकीच्या जळक्या दारूचा. माणसाच्या नाकाला अक्कल नसते. त्याला कितीही सांगा की आता ते सगळं संपलं, ते आपलं जुन्या पत्त्यावर जाऊन उभं राहतं.

त्या रस्त्याच्या शेवटी एक शूटिंग रेंज आहे. मातीचे उंच बांध, पत्र्याची शेड, लाकडी बाकं. सहा वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत मी आणि माझा नवरा सुधीर तिथे दर रविवारी सकाळी रिव्हॉल्व्हर चालवायला जायचो. साधं नव्हे, चव्वेचाळीस मॅग्नम. हातात घेतलं की पहिली आठवण वरवंट्याची व्हावी, एवढं वजन.

आमच्या मंडळातल्या बायकांना कळलं तेव्हा एकीने कपाळाला हात लावला. बंदूक कसली चालवता, त्यापेक्षा पिकलबॉल खेळा म्हणाली. नागपूरहून आईने फोनवर विचारलं की तिकडे चोर फार वाढलेत का. कोणाला काय सांगणार? सुधीर दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढला होता. त्याच्या वडिलांनी तीस-बत्तीस वर्षं गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या तपासल्या. एकेक उचलायची, उजेडात धरायची, चीर दिसली तर बाजूला टाकायची. दुपारी चाचणीचे बार झाले की वसाहतीतल्या खिडक्या थरथरायच्या, आणि आयुष्यभर पुंगळ्या बघणाऱ्या त्या माणसाने स्वतः एकही गोळी झाडली नाही. सुधीरच्या डोक्यात ते कुठेतरी बसलं होतं. इरा, आमची मुलगी, त्या सप्टेंबरात शिकायला हॅलिफॅक्सला गेली, घर अंगावर यायला लागलं, आणि सुधीर म्हणाला की आता आपण दोघं काहीतरी करू या. रिव्हॉल्व्हर त्याने दोन वर्षं आधीच घेतलं होतं. मी नुकताच कोर्स करून, परीक्षा देऊन लायसन्स काढलं होतं, तेही खरं सांगायचं तर त्याच्या भुणभुणीला कंटाळून.

पहिला बार झाला तेव्हा मी रिव्हॉल्व्हर सांभाळलं नाही, कपाळ सांभाळलं. दोन्ही हात डोक्यावरून मागे जातात की काय असं वाटलं. आवाज कानात येतच नाही, कानांवर जाड मफ असतात. तो बरगड्यांत येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी दोन दिवस ठणकत होती, आणि हॉस्पिटलात पेशंटचा गुडघा दाबताना माझाच जीव कळवळत होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पण खोटं कशाला बोलू, मजा आली. पंचावन्नाव्या वर्षी इतका मोठा आवाज आपण करू शकतो, हे मला माहीतच नव्हतं.

सुधीर मात्र जन्मजात होता. तो एका मोटारीच्या सुट्या भागांच्या कंपनीत डाय डिझाइन करायचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडणारा माणूस. रेंजवरही तसाच. पाय रोवायचा, श्वास अर्धा सोडायचा, चाप इतका हळू ओढायचा की बार कधी होईल ते त्यालाही कळू नये. सहा गोळ्या, आणि कागदावर सहा भोकं, चहाच्या बशीत मावतील एवढ्या जागेत. वॉल्टर, तिथला म्हातारा रेंज ऑफिसर, मागून बघत राहायचा. नवऱ्याकडे दुसऱ्या कोणी असं कौतुकाने बघितलं की बायकोला बरं वाटतं, आपण ते घरी कबूल करत नाही एवढंच.

माझ्या गोळ्या मात्र मातीत जायच्या. त्याचं कारण दचकणं. एवढ्या मोठ्या रिव्हॉल्व्हरचा धक्का शरीर विसरत नाही. चाप ओढताना, बार व्हायच्या क्षणभर आधी, हात आपोआप घाबरून नळी खाली ढकलतात. आणि ते दिसत नाही, कारण लगेच बार होतो, नळी वर उडते, धूर होतो, आणि आपलं भित्रेपण त्या गोंधळात झाकून जातं. त्यावर एक जुना उपाय आहे. जोडीदाराने पाठ फिरवून गोळ्यांचं सहा घरांचं सिलिंडर भरायचं, काही घरांत खरी गोळी, काहींत झाडलेली रिकामी पुंगळी, आणि बंद करून हातात द्यायचं. झाडणाऱ्याला माहीत नसतं कुठे काय आहे. रिकाम्या पुंगळीवर घोडा पडला की नुसतं टक् होतं, धक्का येत नाही, आणि तेव्हा नळीने मारलेली बुडी सगळ्यांना दिसते. स्वतःलासुद्धा.

सुधीर माझ्यासाठी भरायचा. टक् झालं की माझी नळी अशी खाली जायची, जणू मी विहिरीतून पाणी काढतेय. तो हसायचा नाही, हेच जास्त लागायचं. मफची एक बाजू उचलून म्हणायचा, वंदना, घाबर खुशाल, पण नंतर घाबर.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही पाटावर सगळी हत्यारं मांडली. त्याचं व्हर्नियर कॅलिपर, माझं सांध्याचे कोन मोजायचं साधन, विळी, बर्फ शोव्हल करायचं फावडं, आणि मधोमध रिकामं, कुलूप लावलेलं रिव्हॉल्व्हर. मी हळदकुंकू वाहिलं. नळीच्या बुडाशी एक स्क्रू आहे, त्याच्या खाचेत कुंकू गेलं. सुधीरने तेलाच्या बोळ्याने पुसलं, टूथब्रशने घासलं, तरी एक लाल टिपका राहिलाच. तो पुटपुटत होता की देव पावो न पावो, गंज नक्की चढेल. मी म्हटलं, इतकी वर्षं तुझ्या गाडीला वाहतेय, तिला कुठे चढला? खरं तर गाडीला गंज चढला होता, पण तो इथल्या रस्त्यावरच्या मिठाचा.

त्यानंतरच्याच रविवारी तो म्हणाला, दर वेळी तुझीच काय, आज माझी परीक्षा घे. मी पाठ फिरवली, सिलिंडर भरलं. दोन खऱ्या, चार रिकाम्या. पहिला बार झाला, भोक मधोमध. दुसऱ्या घराला टक्.

नळीने बुडी मारली नाही. ती जिथे होती तिथेच राहिली, आणि मला त्याचा इतका राग आला की विचारू नका. मग तो शिकल्याप्रमाणे थांबला. बार झाल्यावरही दोन अंक मोजेपर्यंत नेम सोडायचा नसतो. एक. दोन. आणि दोनला नळीचं टोक हलायला लागलं. खाली नाही. डावी-उजवीकडे, बारीक, एका लयीत. एरवी त्या जागी धूर असतो, धक्का असतो, कोण बघतंय? पण हवा स्वच्छ होती, मागे मक्याचं शेत होतं, आणि पकडीवरचा त्याचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, हरभऱ्याचं साल काढावं तसा.

तो अंगठा मी ओळखत होते. आठवड्यातून चार दिवस मी तसल्या अंगठ्यांच्या, कंपवाताच्या माणसांना चालायला शिकवते. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवते आणि सांगते, हिच्यावरून पाऊल टाका, आता हिच्यावरून. नेमात थोडा वेळ स्थिर राहून मग परत सुरू होणारी थरथर काय असते, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

सुधीरने रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि वळून विचारलं, "दचकलो का गं?"

मी म्हटलं, "हो. जरासा."

बस. एवढंच. वॉल्टरनेही मान हलवली, चव्वेचाळीसला सगळेच दचकतात म्हणाला. सुधीर हसला आणि पुढच्या घराला लागला. मला वाटलं घरी जाऊन सांगू. घरी गेल्यावर वाटलं दिवाळी होऊ दे. दिवाळीला इरा येणार होती, तिच्यासमोर कशाला? मग ती परत गेली, तिच्या परीक्षा. मराठी बाईला पुढे ढकलायला सण कमी पडत नाहीत. आणि खरं कारण सांगू का? तो रविवारी सकाळी शीळ घालत गाडीची ट्रंक उघडायचा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, मी त्याला शीळ घालताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मला ती अजून थोडे दिवस हवी होती.

पण मी त्याला चुकीचा आजार सांगितला होता, आणि तो पडला चिकाटीचा. दचकणं घालवायचा घरगुती उपाय त्याने कुठूनसा शोधून काढला. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर डाईम ठेवायचं, इथलं सगळ्यांत छोटं नाणं, आणि चाप ओढायचा. नाणं पडलं नाही तर हात स्थिर. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की चहा घेऊन तो बेसमेंटमध्ये उतरायचा. मी वर स्वयंपाकघरात. टक्. आणि मग काँक्रीटवर टिण्. थोडा वेळ शांतता. टक्. टिण्. त्या दिवाळीचा चिवडा मी त्या आवाजात परतला. पोहे किती भाजले गेले याकडे लक्षच नव्हतं, कान खाली. एखाद्या वेळी टक् नंतर टिण् व्हायचं नाही, आणि मी झारा हातात धरून उभी राहायची, देवाला हात जोडल्यासारखी. मग व्हायचं.

वर येऊन तो सांगायचा, आज वीसात सात वेळा राहिलं. मग पाच वेळा. मग तो सांगेनासा झाला. स्वतःवरच चिडायचा. चाप हळू ओढून बघितला, पकड बदलून बघितली, कोपरं वाकवून बघितली. एकदा जेवताना म्हणाला की आपल्यात मूळचीच भीती असणार, बाबांनी कधी झाडली नाही ते उगाच नव्हे. त्याच्या बापालाही मी त्या खोट्यात ओढलं होतं. मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

फेब्रुवारीत दाढी करताना गाल कापला आणि तो स्वतःच डॉक्टरकडे गेला. मी शेजारच्या खुर्चीत होते. कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. सुधीर म्हणाला, ऑक्टोबरपासून असेल, पण मला वाटलं ते रिव्हॉल्व्हरमुळे. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

माझ्या गुन्ह्याला धड वजनसुद्धा नाही. चार महिने आधी कळलं असतं तर काय वाचलं असतं? काही नाही. हा आजार कोणाच्या लवकर सांगण्याला भीक घालत नाही. औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, त्या काही वर्षं चालल्या असत्या, मग त्यांचा डोस वाढला असता, आणि आज आम्ही जिथे आहोत तिथेच असतो. फक्त एक ऋतू त्याने बेसमेंटमध्ये स्वतःला भित्रा समजत काढला नसता. तेवढंच माझ्या हातात होतं आणि तेवढंच मी दिलं नाही. आणि पुढचं सगळं मला पाठ आहे. आधी सही बारीक होते, मग पाऊल. मग आवाज. मग घास गिळताना थांबावं लागतं. पेशंटच्या बायका मला विचारतात की पुढे काय, आणि मी हसून म्हणते आपण आजचा दिवस बघू या. माझ्यासारखीच एखादी ते मला म्हणू लागली तर मी तिच्या तोंडावर दार लावीन.

त्याचा आवाज आता इतका बारीक झालाय की डिशवॉशर चालू असला तर ऐकू येत नाही. वॉकर धरून वॉशरूमपर्यंत जायचं म्हणजे एक प्रवास. मी घरातही जमिनीवर पट्ट्या चिकटवल्यात.

मध्यंतरी इथला कायदा बदलला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर नवीन घेता येत नाही, आणि ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. बायकोच्याही नाही, मुलीच्याही नाही. बायको लायसन्सवाली असली तरी नाही. कायदा व्हायच्या आधी सुधीर दोनदा म्हणाला होता की एक तुझ्या नावावर घेऊन ठेवू. मी म्हटलं, घरात एक आहे ना? दुसरं कशाला, लोणचं घालायचंय? आपल्याकडे घर, गाडी, गॅस, सगळं नवऱ्याच्या नावावर, आणि आपण म्हणायचं माझं-तुझं काय त्यात. आता तो शेजारी असला तरच मी ते उचलायचं. आणि तो किती दिवस शेजारी असणार, हे त्याच्या लायसन्सच्या नूतनीकरणाच्या फॉर्मवर विचारलेलं नसलं तरी आम्हाला दोघांनाही दिसत होतं. त्याने फॉर्म भरलाच नाही. पोलिसांना फोन कर म्हणाला, येऊन घेऊन जातील. इराला सांगितलं तर ती पटकन म्हणाली, मॉम, इट्स जस्ट अ गन. बरोबर आहे तिचं. तिने ती शीळ ऐकली नव्हती.

गेल्या गुरुवारी एक तरुण पोलीसबाई आली. फार सभ्य होती, बूट दारात काढले. रिव्हॉल्व्हर तपासताना ती स्क्रूजवळ थांबली आणि तिने विचारलं, हा गंज आहे का? मी म्हटलं, नाही. काय आहे ते सांगायला गेले, आणि इंग्रजीत ते काही केल्या जमेना. ती थांबली, मग लिहून घेऊन पेटी उचलली. सुधीर सोफ्यावरून बघत होता. त्याने तिला थँक यू म्हटलं, दोनदा, कारण पहिल्यांदा तिला ऐकू गेलं नाही.

पण त्याच्या आधीचा रविवार सांगायचा राहिलाच. तो म्हणाला होता, एकदा जाऊ. तू झाड, मी बसतो. वॉल्टरने त्याच्यासाठी पाठीची खुर्ची आणून ठेवली होती. वॉल्टरही आता काठी घेतो. मका निम्मा कापून झाला होता आणि उरलेला खडखडत होता. दुसरं कोणीच नव्हतं.

सुधीरने खूण केली की भरणार तोच. मी रिव्हॉल्व्हर उघडून, नळी बांधाकडे धरून त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि नियमाप्रमाणे समोर बघत राहिले. त्याच्या मांडीवर डबा होता. पुंगळीची कड सिलिंडरवर आपटत होती, टकटकटक, भोक सापडेपर्यंत. एक खाली पडली. डोळ्याच्या कडेने मला दिसलं, वॉल्टरने ती वाकून उचलली, क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि सुधीरच्या हातात परत दिली. सहा घरं भरायला किती वेळ लागला कोण जाणे, माझा गुडघा बधिर झाला. मग त्याने दोन्ही तळव्यांनी दाबून सिलिंडर बंद केलं.

मी उभी राहिले. मफ लावले. श्वास अर्धा सोडला, चाप हळू ओढला.

टक्. नळी हलली नाही.

दुसरं टक्. तिसरं. चौथ्याला मला कळायला हवं होतं, पण मी मोजत नव्हते. मी कसली वाटच बघत नव्हते. सहा वर्षं मी प्रत्येक फोनला दचकले, प्रत्येक रिपोर्टला, बाथरूममधल्या प्रत्येक आवाजाला. कधीतरी ते संपलं होतं आणि मला समजलंही नव्हतं. घाबरायला पुढे काहीतरी वेगळं होऊ शकतं असं वाटावं लागतं. सहावं टक् झालं आणि मी दोन अंक मोजेपर्यंत नेम धरून उभी राहिले. नळी दगडात रोवल्यासारखी. आयुष्यात पहिल्यांदा जमलं.

मागे वळले तर त्याचे ओठ हलताना दिसले. मी मफ काढले आणि खाली वाकले, अगदी त्याच्या तोंडाजवळ कान नेला. बारांच्या आवाजात त्याचं बोलणं बुडू नये म्हणूनच त्याने एकही खरी गोळी भरली नव्हती.

"दचकली नाहीस," तो म्हणाला.

मी मान हलवली. तो थांबला. त्याला एका वाक्यानंतर दुसऱ्यासाठी श्वास गोळा करावा लागतो.

"मीही दचकत नव्हतो, वंदना. त्या वर्षी."

मी म्हटलं, "हो."

वॉल्टर शेडच्या टोकाला जाऊन शेताकडे बघत उभा होता. मी सिलिंडर उघडलं, सहाही पुंगळ्या काढल्या आणि सुधीरने पुढे केलेल्या तळहातावर ठेवल्या. त्याने मूठ मिटली. गाडीपर्यंत, आणि मग घरापर्यंत सगळी वाट, त्या त्याच्या मुठीत वाजत राहिल्या.